गोधडी: वस्त्रपरीक्षा आणि प्रक्षालन

गोधडीविषयी मराठीत विपुल लिहिले गेले असून त्या लेखनात ऊब, माया आणि आजी यांची उपस्थिती सक्तीची मानली जाते. भिजलेली गोधडी पिळताना मनगटात उठणारी कळ मात्र त्यात क्वचितच आढळते, कारण लिहितात ते पांघरणारे, आणि पिळणाऱ्यांना लिहायला सवड नसते. प्रस्तुत लेखक पहिल्या वर्गात मोडतो व त्या वर्गाला साजेसा आत्मविश्वास त्याच्या ठायी मुबलक आहे. जुन्या कपड्यांचे गाठोडे घरात सुटले की रंगसंगती, पोत आणि परंपरा या विषयांवर व्याख्यान देण्यासाठी त्याला निमंत्रणाची गरज भासत नाही, आणि गाठोड्याभोवती बसलेल्या बायकांनाही ते ऐकण्याची गरज भासत नाही.

या विद्येचे मूळ सूत्र असे की, गोधडीचे कापड डोळ्याला विचारून नव्हे, धुण्याच्या दगडाला विचारून निवडावे. अस्तरासाठी, म्हणजे वरच्या व खालच्या अखंड थरासाठी, धुऊन धुऊन मऊ पडलेले सुती नऊवारी लुगडे सर्वश्रेष्ठ समजले जाते, कारण त्यात आटायचे ते आटून गेलेले असते, जायचा तो रंग गेलेला असतो आणि सुईला ते अडवत नाही. धोतरे, परकर, विटक्या चादरी यांची सोय मधल्या थरांत लागते. कोरे कापड मात्र कितीही देखणे असले तरी संशयास्पद ठरते, कारण पहिल्याच धुण्यात ते आटते व शेजारच्या जीर्ण कापडाला टाक्यासकट ओढून फाडते. आणि गडद लाल तुकडा न भिजवता, न पारखता आत घेतला, तर तो उरलेल्या सर्वांना आपल्या पक्षात ओढतो. सगळे थर एकत्र धरणारा धावदोरा, म्हणजे सुई वरखाली नेत सरळ ओळीत घातलेला साधा टाका, हाही नक्षीसाठी दाट घालतात असा पांघरणाऱ्यांचा समज आहे. वस्तुतः ओळी विरळ पडल्या की धुताना आतल्या चिंध्या सरकून एका कोपऱ्यात गोळा होतात.

येथे सफारी सुटाचा विचार करणे क्रमप्राप्त आहे. तो विषयाला फारसा धरून नाही, परंतु लेखकाच्या जिव्हाळ्याचा आहे. टेरिकॉट, म्हणजे पॉलिएस्टर व सूत यांच्या मिश्र धाग्याचे कापड, हे एके काळी प्रतिष्ठेचे लक्षण होते. लग्नात जावयाला सफारीचे कापड मिळाले नाही तर रुसवा निघे, आणि मिळाले तर इस्त्री न मोडणारा तो पोशाख कार्यालयापासून सत्यनारायणापर्यंत सर्वत्र मिरवता येई. अशा सफारीला गोधडीत, तेही मधोमध, सर्वांना दिसेल असे स्थान मिळावे ही लेखकाची अपेक्षा अवाजवी म्हणता येणार नाही. परंतु सामान्य हवेत सूत आपल्या वजनाच्या साधारण ८ टक्के ओलावा धरून ठेवते, तर पॉलिएस्टर अर्धा टक्काही धरत नाही. म्हणून हे कापड अंगाला चिकटते, घाम टिपत नाही, आणि सुती थरांबरोबर आटत नसल्याने धुतल्यावर फुगे धरते. शिवाय ते विरत नाही, आणि जे विरत नाही त्याला गोधडीत प्रवेश नाही. स्वयंपाकघरात हळदीचे डाग झेललेली साडी अस्तराला जाते आणि सभासमारंभांत मिरवलेली सफारी उंबऱ्याबाहेर राहते, इतका हा न्याय कठोर आहे.

प्रक्षालनाचा मुख्य काळ नवरात्रापूर्वीचा. घटस्थापनेआधी घरातील एकूण एक पांघरूण नदीवर, ओढ्यावर किंवा विहिरीवर जाते. सुती धागा भिजला की अधिक चिवट होतो, म्हणून गोधडी धोपाटण्याचा मार, म्हणजे लाकडी धोपटणीचे तडाखे, सोसते. रेयॉन ओले झाले की दुबळे पडते, त्यामुळे तलम रेयॉनची साडी पहिल्याच वर्षी उघडी पडते. धुलाईयंत्रावर छापलेले किलो कोरड्या कपड्यांचे असतात, हे विसरून गोधडी आत कोंबली की पाणी प्यालेला तो ऐवज एका बाजूला झुकतो आणि यंत्र मोरीभर चालू लागते.

खरा प्रश्न मात्र पिळण्याचा आहे. दोन टोकांना दोघी उभ्या राहून उलटसुलट पीळ घालतात, तरी मधला थर पाणी सोडत नाही. मग ती निथळती गोधडी खांद्यावर घेऊन काठ चढायचा, उन्हात पसरायची, दुपारी उलटायची, आणि परतीच्या पावसाचे ढग दिसले की धावत गोळा करायची. कंबर धरलेल्या बाईला त्या रात्री कोरड्या गोधडीवर आडवे होता येते, एवढाच तिचा मोबदला. शहरातील दुकानांत तीच गोधडी भिंतीवर टांगून कलावस्तू म्हणून विकली जाते तेव्हा धागा, रंग व वारसा यांवर पुष्कळ बोलले जाते; ती कोणी धुवायची याची चिठ्ठी सोबत नसते, आणि भिंतीवरची गोधडी बहुधा धुतलीच जात नाही. या प्रकाराचा राग यावा, आणि तो लेखकालाही येतो, जरी पीळ घालण्यासाठी दुसरे टोक धरायला त्याला बोलावले असता तो त्या क्षणी संदर्भग्रंथ पाहत असतो.

सफारीचा प्रश्न घरातील ज्येष्ठ स्त्रियांनी अखेर निकालात काढला. पायपुसणे करावे तर ती पाणी टिपत नाही. पाणी टिपत नाही हाच गुण मानून ती उसवून स्कूटरच्या सीटवर घालण्यात आली, आणि तेथे तिची इस्त्री अद्याप मोडलेली नाही.