नाकावर रुमाल, डोळ्याला दुर्बीण

पक्षीनिरीक्षणाचा छंद मी पक्ष्यांसाठी नाही, टोपीसाठी लावून घेतला. खाकी, रुंद काठांची, मागे मानेवर पडदा असलेली टोपी. ती घालून लक्ष्मी रस्त्यावर फिरलं तर ओळखीचे लोक घरच्यांकडे तब्येतीची चौकशी करतात. तीच टोपी घालून पुण्याजवळ मुळा-मुठेवरच्या कवडीपाटच्या बंधाऱ्यावर उभं राहिलं की माणूस अभ्यासक दिसतो. बाजूला कोणी नवखं कुटुंब आलं असेल तर मी आवाज किंचित चढवून "यंदा थापटे उशिरा उतरले" असं हवेत सोडून देतो. कोणी विचारलेलं नसतं.

हिवाळ्यातल्या सकाळी तिथे आधी वास येतो. मग फेस दिसतो. मग बंधाऱ्याला अडकलेल्या पिशव्या, थर्माकोल, निर्माल्य, जोडीदार हरवलेली एखादी चप्पल. आणि या सगळ्याच्या मधोमध चक्रवाक. संस्कृत कवींनी याच पक्ष्याच्या जोडप्याला रात्रभर नदीच्या दोन तीरांवर विरहात रडत ठेवलं होतं. इथे ते लडाख-तिबेटकडून येऊन थर्माकोलच्या एकाच तुकड्याशेजारी निवांत उभं असतं. विरह वगैरे काही नाही. नर अंग साफ करतो, मादी चिखलात चोच घालते. तो नारिंगी-बदामी रंग उन्हात असा पेटतो की नाकावरचा रुमाल काढून हात जोडावेसे वाटतात. मी रुमाल काढत नाही.

पुणेकर पाहुण्याला चहासुद्धा विचारत नाहीत, हा आरोप ज्यांनी केला ते कवडीपाटला आलेले नाहीत. इथे आम्ही परदेशी पाहुण्यांना अख्खा हिवाळा पोटभर वाढतो, आणि तेही स्वतःच्या घरातलं. ड्रेनेजमधून जे नदीत जातं त्यावर जीवाणू पोसतात आणि चिखलात लाल अळ्या वळवळू लागतात. शेकाट्या आपल्या गुलाबी काटक्यांवर उभा राहून त्या एकेक वेचतो. थापट्या बदकाचं काम घाऊक. पसरट चोच, तिच्या कडांना बारीक दात्यांची ओळ. तोंडात पाणी घ्यायचं, गाळून सोडायचं, उरलेलं गिळायचं. तीन-चार थापटे एकामागोमाग गोल फिरून पाणी ढवळतात आणि वर आलेला माल सगळे मिळून गाळतात. मुळा-मुठेचं पाणी इतक्या मनापासून गाळणारं दुसरं कोणी माझ्या पाहण्यात नाही.

आता लेन्सबद्दल बोलल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही. बंधाऱ्यावर वर्णव्यवस्था आहे. नुसत्या डोळ्यांनी बघणारे तळाला. त्यांच्यावर आम्ही दुर्बीणवाले. मग तीनशेवाले, मग सहाशेवाले. आणि सर्वांत वर ती पांढरी लेन्स, जिला स्वतःचं स्टूल असतं आणि मालकाला नसतं. या लेन्सला पानांच्या नक्षीचं झबलं घालतात, पक्ष्यांना ती दिसू नये म्हणून. पण बंधाऱ्यावर हिरवं पान औषधालाही नाही! तिथे खरोखर लपायचं असेल तर दुधाच्या पिशव्यांच्या नक्षीचं कापड शिवून घ्यायला हवं. झबलंवाले एकमेकांना "काय मिळालं?" असं विचारत नाहीत, "क्लीन मिळालं का?" असं विचारतात. म्हणजे पक्षी हवा, पिशवी नको. त्यासाठी माणसं चिखलात पालथी झोपतात, कोन बदलतात, बदकाने त्या बाटलीपासून दोन हात पुढे सरकावं म्हणून तासभर श्वास रोखतात (वासामुळे तो आधीच रोखलेला असतो). उरलीसुरली पिशवी घरी जाऊन संगणकावर पुसतात. रविवारी संध्याकाळपर्यंत पुण्यातल्या कितीतरी मोबाइलवर मुळा-मुठा स्वच्छ झालेली असते. मी हे हसून सांगतो खरं; पण माझ्या भिंतीवरच्या चक्रवाकामागेही पाणी निळं आहे.

एकदा म्हशी घेऊन आलेल्या एका तरुणाने विचारलं, "काका, काय दिसलं?"

"चक्रवाक," मी टोपी सावरत म्हणालो.

"ते व्हय? ते रोजचंच हाय. त्या दुर्बिणीतनं जरा पुण्याकडं बघा की, काय काय येतंय."

बघितलं असतं, पण दुर्बिणीतून फार जवळचं दिसत नाही.

राग मला एका वाक्याचा येतो. "अहो, एवढे पक्षी येतात म्हणजे नदी ठीकच असणार!" तसं नाही हो. चिखलातल्या अळ्यांवर जगणाऱ्यांची चंगळ आहे. नितळ पाण्यात मासा हेरून सूर मारणाऱ्याने इथे काय हेरायचं? भरलेलं ताट सगळ्यांसाठी नसतं. सात हजार मीटरहून उंच उडू शकणारा, हिमालय ओलांडून येणारा पट्टकादंब आमच्या फेसाकाठी उतरतो तेव्हा माझी छाती उगाच फुगते. त्याला इतक्या लांबून बोलावून हे वाढायचं, याची लाज मात्र त्याच छातीत कुठे सापडत नाही.

आणि नदी काही कवडीपाटला संपत नाही. ती पुढे भीमेला मिळते, भीमा उजनी धरणात जाते. तिथे भिगवणच्या फुगवट्यात रोहित उतरतात. गुलाबी, उंच, अगदी कॅलेंडरवरचे. माझा तिथला एक फोटो फार नावाजला गेला. तो मी सोलापूरच्या मावशीला कौतुकाने दाखवला आणि पुण्याचं सांडपाणी, शेवाळ, अळ्या, पक्षी अशी सगळी साखळी टोपीशिवायच समजावून सांगितली. मावशीने चष्मा पुसून फोटो पाहिला.

"पक्षी सुरेख आहेत रे," ती म्हणाली. "पण हे उजनीचं पाणी आमच्या नळाला येतं. तुम्ही बघायला जाता तेव्हा नाक धरता म्हणालास. आम्ही पिताना काय धरायचं?"