शोक कसा करावा : प्राथमिक अभ्यासक्रम

घरातलं माणूस पहिल्यांदाच गेलंय, त्यांच्यासाठी ही माहिती आहे. अनुभवी मंडळींनी वाचू नये. शेजारच्या काकूंचा चहाचा थर्मास कधी परत करायचा, इथपर्यंत त्यांना सगळं ठाऊक असतं. सोयीसाठी वडील गेले आहेत असं धरू.

आधी 'कसं झालं' तयार करावं. भेटायला येणारा प्रत्येक जण टेकल्या टेकल्या तेच विचारतो. पहिल्या दिवशी तुम्ही अडखळाल. बाबांनी पाणी आधी मागितलं की घाम आधी फुटला, यात गोंधळाल. चौथ्या दिवसापर्यंत सगळं दोन मिनिटांत बसतं आणि आवाज कुठे सांभाळायचा तेही कळतं. त्यावर कुणी "सोन्यासारखं मरण आलं" म्हणालं तर मान डोलवावी. मावशी सांगेल, "रडून घे गं, मोकळी हो." मामा सांगेल, "तूच रडलीस तर आईनं कुणाकडे बघायचं?" दोघं एकाच सोफ्यावर असतील तर पाणी आणायला उठावं. निघताना ते 'येतो' म्हणणार नाहीत. तुम्हीही सवयीनं 'या हं परत' म्हणू नये.

दहाव्याला कावळा. घाटावर एका सकाळी इतके पिंड मांडलेले असतात की तिथल्या कावळ्यांना भूकच उरलेली नसते. नातेवाइकांच्या मते मात्र बाबांची काहीतरी इच्छा राहिलेली असते. मग एकेक जण हात जोडून कबूल होतो : आईला सांभाळू, धाकट्याचं लग्न लावू, स्कूटर विकणार नाही. शब्द जपून द्यावा. साक्षीदार पुष्कळ असतात, आणि अखेर गुरुजी दर्भाचा कावळा करून काम उरकतातच.

(नातं तुटलेल्यांनी हा भाग सोडून द्यावा. घटस्फोटाला दहावा नाही, तेरावा नाही, कुणी पिठलं-भाताचा डबा आणत नाही, आणि रजेच्या अर्जावर कारण काय लिहायचं तेही सुचत नाही. माझ्या मते परवड त्यांचीच जास्त.)

तोवर एखादा चुलतभाऊ शोकाच्या पाच पायऱ्या फॉरवर्ड करतो. एलिझाबेथ कुब्लर-रॉस यांनी त्या १९६९ च्या पुस्तकात मांडल्या, त्याही मरणाच्या दारातल्या रुग्णांशी बोलून; मागे राहिलेल्यांना त्या पुढे चिकटल्या. क्रमानं आल्या नाहीत तरी बिघडत नाही. त्याच १९६९ साली आपल्याकडे जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदा झाला, त्याच्या पायऱ्या मात्र क्रमानंच चढाव्या लागतात. नोंद २१ दिवसांत. दाखल्याच्या प्रती भरपूर घ्याव्यात. बँक, विमा, गॅस, सोसायटी, प्रत्येकाला हवी असते. नॉमिनी म्हणजे बहुतेक ठिकाणी मालक नव्हे, नुसता विश्वस्त, हे थोरल्या भावाला तेरावा झाल्यावर सांगावं.

बाबांचा मोबाइल चार्ज करून ठेवावा. त्यांचं नाव काढायचा ओटीपी कित्येक ठिकाणी त्यांच्याच नंबरवर येतो. शिवाय ज्येष्ठ नागरिकांच्या ग्रुपवरून 'शुभ सकाळ'ही येत राहतात. ते उघडू नयेत. निळ्या खुणा उमटल्या की पलीकडचे आजोबा दचकतात.

या सगळ्या धावपळीत रडू येत नाही. ते तिसऱ्या महिन्यात येतं, किराणा दुकानात, बिनसाखरेच्या बिस्किटांपुढे. दुकानदाराला मिरचीचा ठसका लागला म्हणून सांगावं. महिनोन् महिने झोप-जेवण उडालं असेल तर मात्र थट्टा पुरे : टेलि-मानसचा १४४१६ हा नंबर मोफत आहे, चोवीस तास चालतो, मराठीतूनही बोलता येतं.

नोव्हेंबरात पुढचा धडा. बाबांची पेन्शन आता आईला मिळते, तेव्हा हयातीचा दाखला तिनं द्यायचा. जन्मभर भांडी घासून तिच्या बोटांच्या रेषा पुसट झालेल्या. मशीन काही तिला ओळखत नाही. चेहरा दाखवूनही काम होतं, पण फोनसमोर डोळे मिचकवावे लागतात. अर्धा तास हाताशी ठेवावा. आई एकच डोळा मिचकावते, तुम्हाला हसू येतं, फोन हलतो, की पुन्हा पहिल्यापासून.