पॉइंट शून्य दोन

भोसरी एमआयडीसीत पहिल्या पाळीला गेटवर उभे राहा. आयकार्ड खिशात कोंबून आत शिरतो तो पर्मनंट. तेच कार्ड छातीवर मिरवत येतो, घरी गेल्यावरही दोन तास काढत नाही, तो अप्रेंटिस.

आयटीआयला दोन वर्षं फिटरची कानस घासून हा आलेला. 1961 चा अप्रेंटिस कायदा त्याला कामगार मानत नाही, शिकाऊ मानतो. पण ‘पोरगं कंपनीत लागलं’ म्हणून पेढे वाटताना आईनं कायदा वाचलेला नव्हता. 2019 च्या नियमांनी आयटीआयवाल्याला महिना किमान 7,000 रुपये ठरवले. तेवढ्यात यानं मोटारसायकलचा हप्ता बसवलाय, आणि बहिणीचं लग्नही धरलंय.

शॉपमधले उस्ताद फार बोलत नाहीत. ‘बघ’ हा त्यांचा अख्खा अभ्यासक्रम. हा बघतो, मध्ये मध्ये बर काढतो, जॉब पुसतो, चहा सांगून येतो. उस्ताद सरफेस प्लेटला निळा रंग फासतात, जॉब त्यावर फिरवून उचलतात. जिथं निळं लागलं तिथं उंचवटा. तेवढाच स्क्रेपरनं खरवडायचा, की पुन्हा निळा, पुन्हा फिरवणं. ही झाली पुस्तकातली रीत. उस्ताद मात्र रंगाचा डबा उघडायच्या आधीच अंगठा फिरवून ‘इथं उंच आहे’ म्हणतात, आणि निळा मुकाट्यानं तिथंच लागतो. विद्यावेतनाची तारीख टळली तरी चालेल, पण तो अंगठा आपल्याला कधी येणार, या काळजीनं पोराची झोप उडालीय.

शॉपमध्ये मिटलेलं तोंड घरी उघडतं. रविवारी जुन्या बाजारातून आणलेला व्हर्नियर निघतो. लीस्ट काउंट 0.02 मिलिमीटर. आजीची भाकरी एका कडेला जाड भरते. ‘मग दुसऱ्या कडेनं खा,’ आजी म्हणते. ओट्यावर अंगठा फिरवून हा गवंड्याची अक्कल काढतो. कुकर का फुसफुसतो हे वडिलांना समजावत सगळा खोलतो. जोडायला अर्थात दुकानात न्यावा लागतो.

गणपतीत यानं मांडवाच्या खांबाला गुण्या लावला.

‘काका, बाहेर आहे.’

‘किती?’ शिडीवरून मांडववाला.

‘दोन एमएम.’

‘मग आरती होईस्तोवर दाबून धर.’

यानं खरंच धरला. हात मोकळे नव्हते, म्हणून प्रसाद बहिणीनं भरवला.