फेब्रुवारीतला आषाढ

तळणीच्या बाबतीत मराठी माणसाला कोणी काही शिकवू नये, असं माझं फार दिवस मत होतं. ज्याच्या घरी दिवाळीत चकल्या-अनारसे, पावसाळ्यात भजी आणि पाहुणा आला की पुऱ्या, त्याला मैद्याचा एक गोळा तेलात सोडणं जड जाईल का? आता मी स्वतः चकल्या कधी तळल्या नव्हत्या, ही गोष्ट वेगळी. तळताना पाहिल्या होत्या. शेजारी पाट घेऊन बसून ‘ही जरा लाल झाली’ असं सांगितलंही होतं. एवढ्या अनुभवावर आमच्याकडे माणसं भारताचा क्रिकेट संघ निवडतात.

आम्ही राहतो ते फॉल रिव्हर हे मॅसॅच्युसेट्समधलं गाव एके काळी कापडगिरण्यांचं. गिरण्या बंद पडल्या, त्यांच्या दगडी इमारती राहिल्या आणि गिरण्यांत राबायला आलेले पोर्तुगीजही राहिले. हे लोक लिस्बनचे कमी, अझोर्सचे जास्त. अझोर्स म्हणजे अटलांटिकच्या मधोमध असलेली नऊ बेटं. शेजारच्या न्यू बेडफर्डहून व्हेलच्या शिकारीला निघालेल्या जहाजांना वाटेत खलाशी कमी पडत, ते या बेटांवरून उचलले जात. तेव्हापासूनची ही ये-जा. १९५७ साली फायाल बेटाच्या टोकाशी समुद्रातून ज्वालामुखी उसळला आणि वर्षभर धुमसत राहिला. घरं, शेतं राखेखाली गेली. त्या लोकांना आत घेण्यासाठी अमेरिकेने १९५८ मध्ये खास कायदा केला. तो मांडणाऱ्यांत तेव्हाचे सिनेटर जॉन केनेडी होते. पुढे १९६५ च्या कायद्याने दार सगळ्यांनाच बरंच उघडलं. आमच्या शेजारच्या आजी त्याच दाराने साओ मिगेल बेटावरून लहानपणी आल्या, आणि त्यांच्यामागून, जरा उशिराने आणि संगणकाची पदवी घेऊन, माझ्यासारखे.

आजींनी एका फेब्रुवारीत कागदी पिशवीतून मलासादा आणून दिले. हाताने ओढून तळलेली, वेडीवाकडी, साखरेत घोळवलेली चपटी पोळी. कडा कुरकुरीत, मध्ये मऊ जाळी, आणि लिंबाच्या सालीचा पुसट वास. राखेच्या बुधवारी ख्रिस्ती उपवासाचे दिवस सुरू होतात, त्याच्या आदल्या मंगळवारी हे करायचे. घरातली चरबी, साखर, अंडी उपवासाआधी संपवायची, हा मूळ हेतू.

पुण्याला आईला फोनवर हे सगळं मी अभ्यासपूर्ण रीतीने समजावून सांगितलं. गोव्यातला कार्निव्हल याच दिवसांत येतो, हेही सांगितलं. आईने दोन मिनिटं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “म्हणजे आषाढ तळतात.”

विषय संपला. श्रावणाआधी कापण्या, तिखटमिठाच्या पुऱ्या तळून मोकळं व्हायचं, तेच यांचं. फक्त आमच्याकडे बाहेर पाऊस असतो, इथे बर्फ. आषाढच असेल तर तो आपल्यालाही तळता आला पाहिजे, असं मी जाहीर केलं. बायको रुग्णालयात रात्रपाळी करते. ती बूट घालत होती. “मी नसताना कर,” एवढंच ती म्हणाली. याला मी परवानगी समजलो.

आजींना कृती विचारली तर त्या म्हणाल्या, “मैदा पुरेल एवढा घ्यायचा. अंडी मैद्याला लागतील तेवढी. दूध हाताला कळतं.” माझ्या हाताला आजवर फक्त कीबोर्ड कळलेला. म्हणून मी इंटरनेटवरची कृती घेतली: अर्धा किलो मैदा, चार अंडी, लोणी, साखर, ७ ग्रॅम यीस्ट, एका लिंबाची किसलेली साल, पेलाभर दूध. ती कृती हवाईची होती. आता हवाई कुठे आणि अझोर्स कुठे, पण त्यालाही कारण आहे. १८७८ साली मदैरा बेटावरून ‘प्रिसिला’ नावाच्या जहाजाने पोर्तुगीज मजूर हवाईच्या उसाच्या मळ्यांत गेले, आणि मलासादा त्यांच्याबरोबर गेला. होनोलुलूतली लिओनार्ड्स बेकरी १९५२ पासून तो विकते आहे. उसाच्या मळ्यात गेल्यावर कोणाचीही तब्येत सुधारणारच. तिकडचा मलासादा चेंडूसारखा गोल झाला. मी फोटो पाहून भाळलो. आजींचा वेडावाकडा आकार हा मला त्यांच्या वयाचा दोष वाटला होता.

पहिला घोटाळा दुधाने केला. दूध म्हटलं की ते उकळायचं, वर येऊ द्यायचं, गॅस बंद करायचा आणि उतू गेलं नाही म्हणून स्वतःची पाठ थोपटायची, हे माझ्या घराण्याचे संस्कार. इथलं दूध डब्यातून येतानाच पाश्चराइज्ड असतं, हे मला माहीत आहे; पण संस्कार म्हणजे माहितीच्या आधी हात पुढे करतात ते. ते वाफाळतं दूध मी यीस्टवर ओतलं. यीस्ट ही जिवंत वस्तू आहे. तिला कोमट आवडतं, ४० अंशांच्या आतलं. साठाच्या आसपास ती मरते. माझ्या यीस्टने जगाचा निरोप घेतला आणि मी तीन तास ताटाखालच्या त्या गोळ्याला दर दहा मिनिटांनी बोटाने टोचत ‘आता फुगेल’ म्हणत बसलो. शेवटी त्याची धिरडी केली. एकही उलथता आलं नाही.

मी आजींकडे गेलो. त्या म्हणाल्या, “दूध बोटाला सोसेल एवढंच. आणि पीठ गुंडाळून ठेव. आमच्याकडे घोंगड्यात गुंडाळून पलंगावर ठेवत. वर क्रूस काढायचा.” क्रूस काढणं मला जरा आगंतुकपणाचं वाटलं. मी दार लावून हळूच ‘मोरया’ म्हटलं.

पण पलंगाची सूचना पटली. कारण फेब्रुवारीत आमचं घर गारठलेलं असतं. घर गारठलेलं असण्याचं कारण म्हणजे हीटरचा आकडा माझ्या ताब्यात आहे आणि मी सदाशिव पेठेत वाढलो. तेव्हा दूध कोमट करून नव्याने मळलेलं पीठ मोठ्या पातेल्यात घातलं, वर ताट झाकलं आणि पातेलं आमच्या पलंगावर, बायकोच्या बाजूला, माझ्या आजीच्या गोधडीत नीट गुंडाळून ठेवलं. मला तेवढ्यात कामाचा फोन आला. अमेरिकेतले फोन लांबतात.

बायको सकाळी रात्रपाळीहून आली. बारा तास उभं राहिलेला माणूस दिवा लावत नाही. तिने पडदे तसेच ठेवले, आडवी झाली आणि गोधडी ओढली.

“अरे, इथे कोण आहे?”

“पीठ आहे,” मी फोनवर हात ठेवून ओरडलो.

“कोण?”

“पीठ! झोपवलंय. उठवू नकोस.”

उठवण्याचा प्रश्न नव्हता. यीस्टने आदल्या खेपेच्या भावंडांचाही हिशेब चुकता केला होता. पिठाने ताट वर उचललं होतं, काठ ओलांडले होते आणि ते गोधडीच्या अस्तरात शिरलं होतं. अंडी-लोण्याचं पीठ आधीच चिकट. त्यातून ती गोधडी आजीच्या जुन्या नऊवाऱ्यांची, दोरा दोरा सुटा झालेली. बायको म्हणाली, “हे धुवून निघेल?” मी म्हणालो, “आधी काढता येईल तेवढं काढू, अर्धा किलो मैदा आहे.” ती माझ्याकडे ज्या नजरेने बघत राहिली ती नजर रुग्णालयात फार बिघडलेल्या माणसासाठी राखून ठेवलेली असते. मग ती बैठकीतल्या सोफ्यावर जाऊन झोपली.

उरलेलं पीठ पुरेसं होतं. आता आकार. आजींचे यजमान पोर्तुगालच्या मुख्य भूमीवरचे, बैरा भागातले. तिकडे नाताळात ‘फिल्योश’ करतात, आणि काही गावांत ती गुडघ्यावर ओढतात. म्हणजे बाई बसते, गुडघ्यावर स्वच्छ कापड टाकते आणि पिठाचा गोळा त्यावर ठेवून चारी बाजूंनी ओढत पातळ करते. गुडघ्याची वाटी घाटाला अगदी योग्य. आजींनी आपल्या सासूचं हे वर्णन सहज गप्पांत केलं होतं. सूचना म्हणून केलं नव्हतं, हे मला नंतर कळलं.

मी स्टुलावर बसलो, गुडघ्यावर धुतलेला पंचा अंथरला आणि गोळा ठेवून ओढला. गोळा आला नाही, पंचा आला. पंच्याला तेल लावायला हवं होतं, किंवा हाताला, किंवा दोन्हींना. मी तिन्ही ठिकाणी मैदा लावला. मैद्याने पीठ चिकटायचं थांबलं नाही, ते फक्त पांढरं झालं. एक गोळा पंच्यासकट तेलात सोडायची पाळी आली, तेव्हा मी हवाईकडे परतलो आणि गुमान गोल गोळे वळले. फोटोतल्याएवढेच. मोठे.

आता तेल. इथे मी निर्धास्त होतो. पुरीचं तेल कसं ओळखायचं हे मला पाठ आहे: कणभर पीठ टाकायचं, ते झटकन वर आलं की तेल तयार. पुरीला तेच हवं; ती पातळ असते, तिच्यात यीस्ट नसतं, आतल्या ओलाव्याची वाफ होऊन ती क्षणात फुगते आणि निघते. मलासाद्याच्या पिठात साखर, दूध, अंडी. ते पुरीच्या तेलात पडलं की अर्ध्या मिनिटात तांबूस होतं आणि आत अजून कच्चा मैदाच असतो. त्याला १७५ ते १८० अंश पुरतात. शिवाय आमची शेगडी विजेची. बटण कमी केलं तरी तिची तार पुढची पाच मिनिटं लालच राहते.

अनारसा बिघडला तर निदान कढईतच हसतो. सगळ्यांसमोर, उघडपणे. मलासादा हसत नाही. तो सोनेरी होऊन, फुगून, साखरेत लोळून, ताटात विराजमान होतो. मी त्याचा फोटो काढून आईला पाठवला. आईचा ‘छान’ असा निरोप आला. मग मी तो चावला, आणि आतलं पीठ हनुवटीवरून सदऱ्यावर उतरलं.

तार थंड झाल्यावर टाकलेले गोळे उलट दिशेने गेले. ते तेलात निवांत पडून राहिले आणि त्यांनी जेवढं तेल पिता येईल तेवढं प्यायलं. त्यांना साखर नीट चिकटेना, कारण मी त्यांना कागदावर निथळून अगदी गार केलं होतं. मलासादा गरम असतानाच साखरेत घोळवायचा असतो. पुण्यात आम्ही पदार्थ निथळतो.

या सुमाराला बायको उठली. सोफ्यावरून पाठ दुखते, ही तक्रार तिने आधी नोंदवली. मग ओट्याजवळ आली, उरलेल्या पिठात बोट घातलं, थेंब पडू दिला आणि म्हणाली, “एवढं सैल आहे तर वळतोस कशाला? हे फुगे आहेत.”

बायको वसईची. त्यांच्या वाडीला लागून ईस्ट इंडियन ख्रिस्ती शेजारी. त्यांच्याकडच्या लग्नाला फुगे असायचेच, इंद्याल किंवा सोरपोतेलबरोबर. मैदा, अंडी, आंबवायला पूर्वी ताडी, आता यीस्ट. पीठ सैलच ठेवायचं. वळायचं नाही. तिने हाताला पाणी लावलं, मूठभर पीठ घेतलं आणि मूठ आवळली. अंगठा आणि तर्जनीच्या मधून लिंबाएवढा गोळा वर आला, तो दुसऱ्या हाताने अलगद तेलात. पुन्हा मूठ, पुन्हा गोळा. लहान असल्यामुळे आतपर्यंत शिजत होते. उलटण्याचीही गरज नव्हती. एक बाजू झाली की स्वतःच कलंडत होते.

वसई १५३४ ते १७३९ पोर्तुगीजांकडे होती, हे मला ठाऊक होतं. १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी काय केलं, हेही. पुण्याचा माणूस हरायला लागला की इतिहासात शिरतो. मी म्हणालो, “वसईचा किल्ला शेवटी आम्हीच घेतला.”

“किल्ला घेतलात,” ती झारा हलवत म्हणाली. “स्वयंपाकघरात गेला नाहीत.”

फुगे घेऊन आम्ही आजींकडे गेलो. माझे दोन गोळेही त्यात मी खाली दडवून नेले. आजींनी नेमका त्यातलाच एक उचलला, हातात तोलला आणि काही न बोलता परत ठेवला. मग बायकोचा फुगा खाल्ला. मग दुसरा. त्यांनी बायकोच्या हाताकडे पाहिलं आणि म्हणाल्या, “शनिवारी चर्चच्या हॉलमध्ये ये. आमच्यातल्या दोघींचे खांदे गेलेत.” माझ्याकडे वळून म्हणाल्या, “तूही ये. गाडी तूच चालवतोस ना?”

हॉलमध्ये आजीच आजी होत्या. प्लास्टिकच्या घंगाळाएवढ्या टबांत पीठ फुगलेलं, त्यावर पांढरी कापडं, मोठ्या कढयांपाशी जाणत्या बाया, आणि दाराबाहेर बर्फात रांग लागलेली. बायकोला त्यांनी एक गोळा ओढायला दिला. तिने हाताला तेल लावून तो बोटांच्या टोकांवर फिरवत असा पातळ केला की मधून दिवा दिसावा. पाच मिनिटांत ती पिठाच्या टेबलावर होती.

मला साखर दिली. माझ्या शेजारी एक सद्गृहस्थ होते, गिरणीत काम केलेले, निवृत्त. मी विचारलं, “तुम्ही किती वर्षं येता?”

“लग्न झाल्यापासून.”

“मग कढईजवळ कधी?”

त्यांनी चिमट्यातला मलासादा साखरेत उलटा केला, सुलटा केला, पिशवीत टाकला. “तिकडे बायका आहेत,” ते म्हणाले, आणि पुढचा घेतला.

गरम मलासादे येत होते. मी मन लावून घोळवत होतो, जास्तीची साखर झटकून परत परातीत टाकत होतो. तेवढ्यात पिठाच्या टेबलावरून, सगळ्या आजींच्या डोक्यांवरून, शुद्ध मराठीत आवाज आला.

“अरे, झटकतोस काय! घाल भरपूर. साखर चर्चची आहे!”