दीडशे रुपयांची करवंदी

आमच्या महाडचा पाऊस मिलिमीटरमध्ये मोजतात हाच मुळात विनोद आहे. वर्षाला तीन हजारांच्या वर मिलिमीटर! म्हणजे अंगणाच्या दर चौरस मीटरवर तीन हजार लिटर. आणि तरी एप्रिल-मे आला की पोलादपूरकडच्या डोंगरातल्या वाड्यांवर टँकरची वाट बघत हंडे रांगेत. उतार उभा, खडक काळा. पाणी सुटतं ते सावित्रीत, आणि सावित्री निघते ती थेट बाणकोटच्या खाडीकडे, मे महिन्यात माहेरी निघालेल्या सुनेसारखी. मागे वळून बघायचं नाव नाही.

अशा मुलखात मी लॉन लावलं होतं.

कारण काही खास नाही. पुण्याच्या मेव्हण्याकडे होतं. अर्ध्या गुंठ्याचं, म्हणजे सुमारे पन्नास चौरस मीटर. उन्हाळ्यात अशा गवताला चौरस मीटरमागे दिवसाला पाचेक लिटर लागतं. रोजचे अडीचशे लिटर झाले. तेवढ्यात आम्हा दोघांची आंघोळ, धुणीभांडी, स्वयंपाक सगळं आटपत होतं. "घरात तिघं आहोत," मी एकदा म्हणालो, "त्यातलं लॉन एकटंच काही काम न करता बसून पितं." "एकटंच?" ही म्हणाली, आणि माझ्या हातातल्या चहाकडे बघितलं.

महाडात पाणी उधळताना खरं तर हात थरथरायला हवा. २० मार्च १९२७ला इथल्या चवदार तळ्यावर बाबासाहेब आंबेडकरांनी ओंजळभर पाणी घेतलं, त्या एका ओंजळीसाठी हजारो माणसं लांबून आली होती. त्याच गावात मी रोज सकाळी नळी धरून परक्या गवताला पाजत उभा. तळ्यावरून जाताना मान खाली जायची, फाटक उघडून आत आलो की पुन्हा नळी हातात.

लॉन संपवलं ते जुलै २०२१च्या पुरानं. त्या पुरानं गावाचं जे केलं त्यात लॉनसाठी रडायला कोणाला तोंड नव्हतं, मलाही नाही. घरातला चिखल काढण्यात दिवस गेले, अंगणातला तसाच राहिला. आणि महिन्याभरात त्या चिखलातून, मी काहीही न लावता, टाकळा आला, तेरडा आला, कुठून तरी वाहत आलेला एरंड फाटकाशी द्वारपाल म्हणून उभा राहिला. पाणी शून्य, खत शून्य, माळी शून्य. मला साक्षात्कार झाला: देशी झाडांची बाग! पाणी वाचेल, पाखरं येतील, फुलपाखरं येतील.

साक्षात्कार झालेला माणूस आधी खरेदीला जातो. लांबच्या एका नर्सरीतून मी कुडा, धायटी, मुरुडशेंग आणि करवंदी आणली. प्रत्येकीच्या कुंडीत लॅटिन नावाची पाटी. करवंदीला कॅरिसा म्हणतात हे कळल्यापासून मी तिच्याशी जरा अदबीनं वागू लागलो होतो.

दसऱ्याला आत्या आली. पोलादपूरच्या वरच्या अंगाला तिची वाडी. चप्पल काढायच्या आधी तिला कुंडी दिसली.

"ही करवंदी ना रे?"

"हो."

"मग कोंडलीस का? काय केलं तिनं?"

मी किंमत सांगायला नको होती. दीडशे ऐकून आत्या पायरीवरच बसली. "माझा जन्म गेला हिच्या जाळ्या तोडण्यात. लुगडी फाटली, हात सोलले. दीडशे?" मग तिचा चेहरा हळूहळू उजळला. "मागचा अख्खा डोंगर भरलाय बाबा. किती टेम्पो पाठवू?"

रागावली नाही, उलट मला शिकवायला बसली. पांगाऱ्याची खांदी मिरगात पुरायची, कुंपण आपोआप होतं. रोपं पहिल्या पावसातच लावायची, उन्हाळ्यात हौस करायची नाही. "पहिलं वरीस पाणी दे. दुसऱ्या वर्षी शिवीपण देऊ नको." देवराईत कोण नळी घेऊन जातो, हा तिचा प्रश्न मला आजही निरुत्तर करतो.

पुढच्या आषाढात ती पुन्हा आली तेव्हा बागेत टाकळा कोवळा होता. तिनं पदराचा ओचा केला. अंगठ्याच्या नखानं वरची तेवढी पानं खुडायची, देठाला धक्का नाही, हात थांबत नाही. अर्ध्या तासात माझ्या परिसंस्थेचा खालचा थर कांदा, लसूण आणि खोबऱ्यात परतला गेला. भाकरीबरोबर मीही खाल्ला. तत्त्वाचा प्रश्न दुसऱ्यांदा वाढून घेताना आठवला.

वन्यजीव आले, पण माझ्या यादीप्रमाणे नाही. आधी माकडं आली. मग पालापाचोळ्यात नानेटी निघाली. ही खुर्चीवर, मी टेबलावर. सर्पमित्र पोरगा आला, तिला हातावर घेऊन म्हणाला, "बिनविषारी आहे. अन् काका, बाग यांच्यासाठीच केलीत ना?" शेजाऱ्यांनी तर चौकशी केली, "घर बंद असतं का हल्ली? रान माजलंय."

खरं भांडण झालं ते हिच्या लिंबावरून. पानांवर पक्ष्यांची घाण पडते म्हणून ही रोज ती काडीनं उडवत होती. एक दिवस ती घाण चालायला लागली. फुलपाखराच्या अळ्या त्या, लहानपणी पक्ष्याच्या विष्ठेसारख्या दिसतात म्हणून वाचतात. मी उत्साहानं सांगितलं, हे राणी पाकोळीचं पोर असू शकतं, ब्लू मॉर्मॉन, २०१५ सालापासून महाराष्ट्राचं राज्य फुलपाखरू आहे.

"फुलपाखरू राज्याचं असेल," ही म्हणाली, "लोणचं माझं आहे."

तह झाला: रस्त्याकडची फांदी सरकारची, बाकीचं झाड हिचं. अळ्यांना हे कळवायची जबाबदारी माझ्यावर. त्यांनी तह पाळला नाही. त्या वर्षी लोणच्याची लिंबं बाजारातून आली, आणि बरणी भरताना प्रत्येक फोड मला ऐकू जाईल अशी पडली.

परवा सकाळी मी पेपर वाचत होतो. लिंबाच्या कोवळ्या पालवीभोवती तळहाताएवढं काळं-निळं फुलपाखरू घिरट्या घालत होतं. हिच्या हातात काडी होती. जरा वेळ ती तशीच उभी राहिली.

"अहो," तिनं आत हाक मारली, "तुमचं ते सरकारी आलंय. ओरडू नका, बसू दे त्याला."