साहेब जागेवर आहेत का?

ऑफिस हे काम करण्याचं ठिकाण आहे, हा समज कुणी पसरवला कुणास ठाऊक. ऑफिस हे जागेवर असण्याचं ठिकाण आहे. सरकारी कचेरीत गेलेला माणूस आधी "साहेब जागेवर आहेत का?" हेच विचारतो, कामाचं नंतर. साहेब नसतात, पण खुर्चीच्या पाठीवर टॉवेल असतो. टॉवेल आहे म्हणजे साहेब आलेत. चहाला गेले असतील, मीटिंगला गेले असतील, मुलीच्या ॲडमिशनला गेले असतील. पण रजेवर नाहीत.

2020 साली या व्यवस्थेवर गदा आली. त्या वर्षी 29 फेब्रुवारीपासून राज्य सरकारनं पाच दिवसांचा आठवडा सुरू केला. रोज पाऊण तास जास्त बसावं लागणार म्हणून केवढा काथ्याकूट झाला! महिना उलटायच्या आत सगळा देशच घरी बसला. आम्ही आयटीवाले लॅपटॉप काखोटीला मारून हिंजवडीहून निघालो ते थेट कोथरूडच्या डायनिंग टेबलावर येऊन बसलो.

घरी टॉवेल चालेना. त्याची जागा नावाशेजारच्या हिरव्या ठिपक्यानं घेतली. ठिपका हिरवा म्हणजे माणूस जागेवर, पिवळा म्हणजे उठला. मग तो हिरवा राखण्याचे उद्योग सुरू झाले. माउस आपोआप हलवत ठेवणारी यंत्रं बाजारात मिळू लागली. 2024 मध्ये अमेरिकेतल्या वेल्स फार्गो बँकेनं डझनाहून जास्त लोकांना घरी पाठवलं, का, तर कीबोर्ड चालवण्याचं सोंग केलं म्हणून. टॉवेलापायी आपल्याकडे कुणाची नोकरी गेल्याचं माझ्या तरी ऐकिवात नाही.

घरातल्यांना मात्र ठिपका दिसत नाही. आईच्या मते लॅपटॉपसमोर बसलेला माणूस रिकामाच. "नुसता बसलायस ना, मग लसूण सोल." त्यामुळे कान हेडफोनमध्ये आणि हात लसणात, अशी माझी विभागणी झाली. आमचा क्लायंट डॅलसचा. त्याची सकाळ उजाडते तेव्हा आमच्याकडे कुकर लागतो. एकदा बजेटवरून चांगलीच जुंपली असताना तिसरी शिट्टी झाली. मी तोंड उघडायच्या आत तोच म्हणाला, "दॅट्स थ्री. यू मे गो." गॅस बंद करून आलो. त्या प्रोजेक्टमध्ये वेळेवर झालेली एकमेव गोष्ट म्हणजे तो वरणभात.

खालच्या मजल्यावरच्या काकांनी काही दिवस वाट पाहिली आणि मग जिन्यात हळूच विचारलं, "सध्या घरीच का?" त्या 'सध्या'मध्ये जी सहानुभूती होती, ती माझ्या पगारवाढीच्या वेळीही कुणी दाखवली नव्हती. पुढं बिल्डिंगभरची कुरिअरं माझ्याकडे येऊ लागली.

कंपन्यांचंही काही ठरेना. टीसीएसनं 2020 मध्ये जाहीर केलं की 2025 पर्यंत एका वेळी फार तर 25 टक्के लोक ऑफिसात लागतील. 2023 च्या ऑक्टोबरपासून बहुतेकांना पाचही दिवस या म्हणाले. ज्या झूमच्या जिवावर जग घरी बसलं, त्या झूमनंही 2023 च्या ऑगस्टमध्ये जवळपास राहणाऱ्या कर्मचाऱ्यांना आठवड्यातून दोन दिवस यायला सांगितलं. हे म्हणजे हलवायानंच गिऱ्हाइकाला गोड कमी खा म्हणण्यासारखं झालं.

आम्हालाही बोलावणं आलं. वाकडच्या पुलावर अडकत, डिसेंबर 2018 मध्ये भूमिपूजन झालेल्या मेट्रोचे खांब न्याहाळत पोचलो, तर जागाच नाही! आता म्हणे ॲपवरून जागा बुक करायची. आज खिडकीपाशी, उद्या प्रिंटरशेजारी. जागेवर या म्हणून बोलवायचं आणि जागाच काढून घ्यायची, याला काय म्हणावं? बुक केलेल्या खुर्चीत बसून मी कॉल लावला. डॅलसवाला तोच, लॅपटॉप तोच. कुकर तेवढा नव्हता, त्यामुळे मीटिंग संपेचना.

तरीही माझं भाकीत आहे की ऑफिस टिकणार. साहेबाला शिव्या घालणं ही टाइप करायची गोष्ट नाही. त्याला अमृततुल्यचा कट्टा आणि ऐकणारा समदुःखी लागतो. शिवाय घरच्यांना आपल्यापासून रोज नऊ-दहा तास सुट्टी नको? पुण्यात टू-बीएचके आहेत तोवर ऑफिसला मरण नाही.

एवढीच विनंती की, टेबल रोज बदला, मजला बदला, हवं तर खुर्चीही काढून घ्या, पण तो खालचा कुलपाचा खण तेवढा परत द्या. त्यात शेंगदाण्याच्या चटणीची बरणी असायची. रोज ने-आण करताना बॅगेत तेल सांडतं.