ओल्या पाटीची चव

कॅटलोनियात मोन्सांत डोंगररांगेच्या परिसरात फाल्सेत गाव आहे. तिथल्या सहकारी वाइनघराची 1919 ची इमारत वास्तुकार गौदीचा शिष्य सेझार मार्तिनेल याची. गार्नाचा आणि कारिन्येना द्राक्षांची लाल वाइन इथे होते. जाणकारांना मात्र तिच्यात ओली दगडी पाटी, चामडे, तंबाखू आणि ज्येष्ठमध लागतो. द्राक्षाची चव लागली असे म्हणणे अडाणीपणाचे. शास्त्र रास्तच आहे. पुढल्या हंगामात द्राक्षे वगळून थेट पाट्या आणि जुन्या चपलाच आंबवल्या, तर तोडणीची मजुरी वाचेल. वाइनसोबत भाजलेले कोकरू किंवा मुरवलेले मेंढीचे चीज घ्यावे, असा दंडक आहे. द्राक्षे पिकवणारे शेतकरी टोमॅटो चोळलेल्या पावाबरोबर पोरोन नावाच्या सुरईच्या तोटीतून तीच वाइन थेट घशात सोडतात. चामडे त्यांना अजून लागलेले नाही.